पांगळ्याचा जोडीदार

प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं गुलाबी पाणी. उंदराच्या पेशींच्या बश्या. एक पांगळा विषाणू, जोडीदार विषाणूशिवाय ज्याला कर्करोगाच्या गाठी उठवता येत नाहीत.

जोडीदार संशोधिकेने घातलाच नव्हता. तरी गाठी उठल्या.

"पेशींशी गप्पा मारतेस ना! सासूशी तरी बोलतेस का इतकं?" शेजारची सहकारीण हसली. "त्या नादात घातला असशील."

तिने नव्या दोन बश्या मांडल्या, दोन्हींत फक्त पांगळा विषाणू. थुंकी उडू नये म्हणून मास्क लावून एकीशी रोज बोलली, दुसरीजवळ मुकाट बसली.

आठवड्याने दुसरी स्वच्छ होती. पहिलीत गाठीला गाठ लागली होती.

सहकारीण दोन पावलं मागे सरली. "अगं... बोलू नकोस. असले पांगळे विषाणू माणसाच्या पेशींतही असतात."

तिने तोंडावर हात दाबला.

त्या सकाळी निघताना तिने बाळाला कुशीत घेऊन अख्खी अंगाई म्हटली होती.