चंद्रकळेची कुंडी

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आईनं दीपालीला काळी चंद्रकळा नेसवली आणि अंगणातल्या काळ्याभोर पानांच्या झुडपाची फांदी सासरच्या दारात ठेवायला कुंडीत लावून दिली. तिलाही चंद्रकळाच म्हणायची. “दृष्ट लागू नये म्हणून आमच्या दाराला बिब्बा आहे,” म्हणत सासूबाईंनी कुंडी मागच्या अंधाऱ्या बोळात ठेवायला लावली. पुढं दीपालीची हिंजवडीतली नोकरीही सोडवली. आज कंपनीनं पुन्हा बोलावलं होतं. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. पाणी घालताना तिनं पाहिलं, झुडूप हिरवंगार झालं होतं. “बघ, आमच्या घरात कसं रुळलं,” सासूबाई मायेनं म्हणाल्या. “तूही रुळशील. कंपनीला ‘नाही’ म्हणून कळवून टाक.” रुळलं कुठलं, उन्हावाचून ते आपला रंग विसरलं होतं, देठाशी तेवढी काळी रेघ उरली होती. दीपालीनं कुंडी कडेवर घेतली. “आधी हिला दारातल्या उन्हात ठेवते,” ती म्हणाली, “मग ‘हो’ म्हणून कळवते.”