हुंकाराचा तास

दिलवरसिंग फळ्यापाशी अडला.

"सत्तेचं विकेंद्रीकरण म्हणजे," तो म्हणाला होता, "सत्तेचं खालच्या स्तरावर हस्तांतरण." आणि समोरून हुंकार आला नाही.

हुंकाराची पाळी धनुबाईची होती. ती डोक्यावरचा पदर सारखा करत त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तळोद्याच्या अभ्यासकेंद्रात दर रविवारी मोठ्या माणसांचा हा पदवीचा वर्ग भरायचा. धनुबाई अंगणवाडीत मदतनीस, दिलवरसिंग डोंगरात जीप चालवणारा, कुणी नातवाला शेजारणीकडे ठेवून आलेली. वर्गाचा नियम मोहिनी मॅडमनी डोंगरातल्या कहाण्यांवरून उचलला होता. सांगणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्याने 'हूं' द्यायचा. हूं थांबला की सांगणाऱ्याने मागे यायचं. एकट्याने पुढे पळायचं नाही.

"हस्तांतरण पुस्तकातच आहे," दिलवरसिंग कुरकुरला.

"मग हुंकारही पुस्तकाकडूनच घे," धनुबाई म्हणाली.

वर्ग हसला. दिलवरसिंगने खडूची बोटं पँटला पुसली आणि विचारात पडला.

"बरं. माझी जीप तळोद्याहून वर निघाली."

"हूं."

"कुठं थांबायचं ते मी एकट्यानेच ठरवलं."

"हूं. ठरवतोसच."

"ते झालं केंद्रीकरण. आता वळणावर तू म्हणालीस, इथं थांब, आजारी माणूस घ्यायचा आहे. मागचे म्हणाले, थांब. मग मी नाही म्हणून काय होतं? थांबावंच लागलं."

"हूं," आणि मग आणखी एक, लांब, अख्ख्या वर्गाचा, "हूंऽऽ."

त्या लांब हुंकारालाच दार उघडलं.

केंद्रप्रमुख हेमकांत सर आत आले. "मॅडम, काय चाललंय? माझ्याकडे पाहुणे बसलेत. ते विचारताहेत, पलीकडे गुरं बांधलीत का म्हणून."

"शिकवणं चाललंय, सर."

"असं? परीक्षा तोंडावर आली. मुद्दे लिहून द्या, पाठ करून घ्या. आणि आवाज नको." मग सगळ्यांसमोरच, पण समजुतीच्या सुरात, "पुढच्या सत्राचे तास कुणाला द्यायचे ते मला याच आठवड्यात ठरवायचंय."

मोहिनी तासांवरच होती. तास गेले तर पगार गेला, आणि शहाद्याहून इथवर यायचं कारणही गेलं. हे वर्गालाही ठाऊक होतं.

सरांनी दिलवरसिंगच्या हातातून खडू घेतला. "बघा, असं शिकवायचं. पुढचा मुद्दा, अवशिष्ट अधिकार."

आणि ते बोलू लागले. बोलायचे छान. हातात कागद नाही, कुठे अडखळणं नाही. फळ्यावर दोन चौकटी काढल्या, त्यांच्यामध्ये बाण काढले, बाणांवर आणखी बाण काढले. आवाज नको म्हटलं होतं, म्हणून कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही. त्या शांततेत सर जास्तच खुलले. शेवटी फळ्यावर जागा उरली नाही तेव्हा वळून त्यांनी विचारलं, "समजलं?"

या प्रश्नाचं उत्तर तिथे प्रत्येकाला येत होतं. आश्रमशाळेत बाकी काही समजो न समजो, 'हो सर' म्हणायचं हे पहिलीतच समजलं होतं. आज तर म्हणायला कारणही होतं. एक 'हो सर', आणि मॅडमचे तास वाचत होते. दिलवरसिंगने तोंड उघडलंही. पण आधी त्याने मॅडमकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

मोहिनीला ते 'हो सर' हवं होतं. किती हवं होतं ते तिला त्या क्षणी कळलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "प्रश्न तुम्हाला विचारलाय. खरं असेल ते सांगा."

धनुबाई उठली. "नाही समजलं, सर."

"काय नाही समजलं?"

"पहिली ओळ. मी तिथंच आहे अजून. तुम्ही गेले पुढं."

"मग तेव्हाच सांगायचं ना."

"तुम्ही म्हटले, आवाज नको."

कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरून सरलाबाई बोलल्या. त्या सरांच्याच गावच्या, कोरीटच्या, नात्याने वहिनी. सत्रभर त्यांनी या दिराला न चुकता 'सर' म्हटलं होतं.

"हेमकांतभाऊ, माले बी काहीच समजनं नही. तुम्ही भलतंच बेस बोलतस. पन कोनासंगे बोली ऱ्हायनात, ते काही समजनं नही."

"मला पण नाही, सर," दिलवरसिंग म्हणाला. "थोडं आलं होतं. मग गेलं."

मग खिडकीजवळची एक जण उठली. तिच्यामागचा एक उठला. नुसती नकारार्थी मान हलवली आणि उभेच राहिले. सरांनी एकदा वर्गाकडे पाहिलं, एकदा बाणांनी भरलेल्या फळ्याकडे, आणि मोहिनीकडे वळले.

"ऐकलंत? सत्रभर यांना तुम्ही शिकवलंत तरी काय?"

"हेच, सर," मोहिनी म्हणाली, आणि खडूसाठी हात पुढे केला.