चार नंबरचे अकरा महिने

"चार नंबरच्या पोरीला तूच सांग," चहाची बशी खाली ठेवत कोंडिबा लेकीला म्हणाले. "तुला असल्या लोकांशी बोलायची सवय हाय."

पिंकीने होकारार्थी मान हलवली. नाही म्हणायलाही त्राण लागतं.

उरवड्यात रस्त्याला लागून कोंडिबांच्या आठ खोल्या होत्या, कारखान्यांत कामाला येणाऱ्यांसाठी बांधलेल्या. भाडेकरू कितीही गुणाचा असो, अकरा महिने झाले की खोली रिकामी करायची, असा त्यांचा नियम. चुलतभावाच्या खोलीत एक कुटुंब सहा वर्षं राहिलं आणि मग निघायचं नाव घेईना, तेव्हापासून त्यांनी हे डोक्यात घेतलं होतं. चार नंबरमध्ये ओडिशाच्या दोघी बहिणी राहायच्या. थोरली सबिता पॅकिंगच्या कामाला जायची, धाकटी गावच्या शाळेत तिसरीत होती. जानेवारी संपत आला होता आणि येत्या रविवारी त्यांचे अकरा महिने भरत होते.

पिंकीला जर्मनीहून परत येऊन तीन आठवडे झाले होते. 'परदेशात समाजसेवा करून परतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असा तिचा फ्लेक्स फाट्यावर अजून लटकत होता. त्यावर तिच्यापेक्षा तिच्या भावाचा, किशोरचा फोटो मोठा होता. पण ही समाजसेवा म्हणजे नेमकं काय, हे गावात कुणी विचारलं नव्हतं. एकट्याने देश सोडून आलेली पोरं तिथे एका वसतिगृहात राहायची. वर्षभर पिंकीने त्यांच्याकडून धडे वाचून घेतले, त्यांच्यासोबत भांडी घासली, त्यांच्या तापात रात्री जागून काढल्या. आणि ज्याला अठरा वर्षं पूर्ण झाली, त्याला आता इथून निघायचंय, हेही तिनेच सांगितलं. ते काम हळूहळू तिच्याच गळ्यात पडलं, कारण तिने सांगितलं की कुणी आरडाओरडा करत नसे. दारात उभं राहून बोलायचं नाही, समोर बसायचं. पहिल्याच वाक्यात काय ते सांगून टाकायचं. 'काळजी करू नकोस' म्हणायचं नाही. समोरचा उठेपर्यंत आपण उठायचं नाही. असं तिने नऊ जणांना सांगितलं. नववा तर तिचे आभार मानून गेला, आणि त्यानंतर दोन दिवस तिला जेवण गेलं नाही.

गुरुवार होता, कारखान्याची सुट्टी. सबिता खोलीत एकटीच होती, बहिणीच्या वहीला वर्तमानपत्राचं कव्हर घालत बसली होती. पिंकी चप्पल काढून तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"सबिता, रविवारी खोली सोडावी लागेल."

मग तिने नियम सांगितला, तुझी काही चूक नाही म्हणाली आणि थांबली. सबिताने कव्हरची घडी नीट दाबली. ती रडली नाही, चिडलीही नाही. मराठी ती पिंकीच्या आईकडून, धोंडाबाईंकडून शिकली होती, आणि अगदी त्यांच्यासारखीच बोलायची.

"ठावं व्हतं, ताई. पर आबा येत्याल असं वाटलं व्हतं."

"आबा कशाला?"

"आबा आलं असतं तर वरडलं असतं. मंग मीबी वरडले असते. मावशी मधी पडल्या असत्या. सा नंबरवालीनं असंच करून दिवाळीपतोर काढलं." तिने वही मांडीवर घेतली. "भूगावात खोली मिळतीया, पर हिची शाळा मोडंल. मला निस्तं परीक्षा व्हईपतोर पायजे व्हतं. तुमी अशा म्होरं बसून हळू बोलताय. तुमच्यासंगं भांडायचं तरी कसं?"

पिंकीला एकदम फार दमल्यासारखं झालं. त्या नऊ जणांपैकी कुणाला भांडायचं होतं का, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. ते गप्प राहिले, हे ती आपलं कसब समजत होती.

या वेळी तीच आधी उठली. चप्पल पायात सरकवत म्हणाली, "मी आलेच नव्हते असं समज."

घरी कोंडिबा अंगणात वाट बघत होते. सांगितलंस का, असं त्यांनी विचारलं.

"नाही जमलं, आबा. तुम्हीच जा."

"मंग वरीसभर तितं शिकलीस काय?" ते म्हणाले. कोंडिबांनी टोपी नीट केली आणि पुटपुटत खोल्यांकडे निघाले.

पिंकी आत जाऊन चुलीपाशी बसली. धोंडाबाई भाकरी थापत होत्या. आधी कोंडिबांचा चढा आवाज आला. लगेच त्याच्या वर सबिताचा आला. पोरीने बोलणंच नाही, भांडणंही धोंडाबाईंकडूनच उचललं होतं. शाळा, परीक्षा, नियम असे शब्द भिंतीपलीकडून येत राहिले. धोंडाबाईंचा थापता हात थांबला. त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले, भाकरीकडे बघ म्हणाल्या आणि तरातरा बाहेर गेल्या.

थोड्याच वेळात तिथे तीन आवाज झाले आणि कुणाचं कुणाला ऐकू येईना. पिंकीने परात पुढ्यात ओढून घेतली. हे भांडण लवकर मिटू नये, एवढंच तिला वाटत होतं.