नवसाचं कीर्तन

जन्मताना मेंदूला इजा झाली तेव्हापासून गुणाजीच्या मालूचा पाय लुळाच होता. ठाण्याच्या दवाखान्यात मांडीला विजेच्या पट्ट्या लावून बाईंनी बटण फिरवलं, आणि तो पाय चक्क वर उचलला गेला. आठ वर्षांत पहिल्यांदा! गुणाजीच्या डोळ्यांना धार लागली. "अहो, ही मशीनची करामत. स्वतःहून उचलायला तिला वर्षं लागतील," बाई सांगत होत्या, पण त्याचं लक्ष कुठलं! त्याने कोलशेतला देवळात नवसाचं कीर्तनच ठेवलं.

उत्तररंगात बुवांनी मालूची गोष्ट गुंफली आणि अख्खा कोळीवाडा गहिवरला. त्या भरात गुणाजी बोलून गेला, "मालूबाय, दाव गो सगल्यांना. उचल पाय!"

स्टुलावर बसलेली मालू कावरीबावरी झाली. एकदा पायाकडे, एकदा बापाच्या फुललेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग हळूहळू तिचा पाय वर आला. नामाच्या गजराने देऊळ दणाणलं. बाया तिच्यावरून बोटं मोडायला धावल्या.

शेजारी उभ्या गुणाजीच्या तोंडून मात्र देवाचं नाव निघेना. परकराच्या घोळात लपून मांडी उचलून धरणारे तिचे दोन्ही हात त्याला एकट्यालाच दिसत होते.