परवाचं सुतक

"चूल न्हाई पेटवायची, मास्तर. सुतक हाय," गोजरबाई म्हणाली आणि आसाराम मास्तर उंबऱ्यातच थबकले.

परवा सोमवारीच तर ते याच ओसरीवर बसून गेले होते. तेव्हा घरात सगळं ठीक होतं. पुढच्या गावाहून परतताना घोटभर पाणी प्यावं म्हणून आत वळले, तर हे. बरं, घरात माणसं तरी किती? गोजरबाई एकटी. नवरा केव्हाच वारलेला. एकुलता एक गहिनीनाथ दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीला गेला, तिकडेच उसाची गाडी अंगावर उलटून मेला. मग आता सुतक कोणाचं?

शेजारची लंकाबाई भिंतीला टेकून बसली होती. आळीतल्या आणखी तिघी-चौघी होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडली तरच यांच्या घरी संध्याकाळी भाकरी व्हायची, आणि आज सगळ्या खाडा करून बसलेल्या. मास्तरांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. आपलं येणं या गावात सगळ्यांनाच रुचतं असं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. काखेतली चित्रांची गुंडाळी त्यांनी उगाचच पाठीमागे धरली.

मास्तर मिशनचे प्रचारक. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना चित्रं दाखवून प्रभूची गोष्ट सांगायची, हे त्यांचं काम. शिकवणाऱ्या साहेबांनी नियम घालून दिला होता, एका खेपेला एकच चित्र. अडाणी माणसाच्या डोक्यात त्याहून जास्त मावत नाही म्हणे. मास्तरांनी अकरा वर्षं तो नियम इमानानं पाळला होता, आणि खरं सांगायचं तर मनातून त्यांनाही हे सगळं पालथ्या घड्यावर पाणीच वाटायचं. परवा त्यांनी प्रभूला थडग्यात ठेवल्याचं चित्र दाखवलं, तोंडावर धोंडा लोटल्याचं सांगितलं, गुंडाळी बांधली आणि एस.टी. गाठली. पुढचं चित्र पुढच्या सोमवारी दाखवायचं होतं.

गोजरबाई आतून आली. एका हातात तांब्या, त्यात शेळीचं दूध. दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी, तीही लंकाबाईच्या घरची.

"बरं झालं आलात. चला, जागा दावा."

"कसली जागा?"

"माती सावडायची. आज तिसरा दीस न्हाई का?"

"पण मावशी, गेलंय कोण?"

गोजरबाईनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की वेड तिला लागलंय की आपल्याला, हेच मास्तरांना कळेना.

"आवो, तुमीच तर परवा सांगून गेलात. मरियाबाईचा ल्योक. मैतर समदे पळून गेले. परक्याच्या जाग्यात पुरला. त्याचं मागं करनारं कोनी न्हाई, म्हनून म्या धरलं सुतक."

मास्तरांना आधी हसू आलं. मग वाटलं, रागवावं. आपल्यात हे असलं नसतं, म्हणून समजावावं. काय करावं हे ठरेना, म्हणून ते चाचरत म्हणाले, "मावशी, ती जागा फार लांब आहे. इथं नाही ती."

"लांब तर माजाबी व्हता." गोजरबाईचा आवाज खाली आला. "सांगावा यायलाच चार दीस लागले. म्या पोचले तवर टोळी दुसऱ्या फडावर गेल्ती. बांधाबांधानं हिंडले, मास्तर. कुठं पुरला, कोनी दावलं न्हाई. माजं ऱ्हायलं ते ऱ्हायलं. त्या माउलीचं तरी ऱ्हाऊ नये."

मास्तरांचा हात गुंडाळीच्या दोरीकडे गेला आणि तिथंच थांबला. पुढचं चित्र पुढच्या सोमवारचं होतं. पण सोमवारपर्यंत या बाईनं काय करायचं? त्यांनी गुंडाळी खाली ठेवली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा चित्र न दाखवता सांगायला सुरुवात केली.

"गेल्या होत्या, मावशी. तिसऱ्या दिवशी, भल्या पहाटे. बायाच गेल्या होत्या, सुगंधी तेल घेऊन."

लंकाबाईनं सुस्कारा सोडला. गोजरबाई मात्र तशीच उभी.

"मंग? गावला?"

"नाही. थडगं रिकामं होतं."

गोजरबाई मटकन खाली बसली. तांब्यातलं दूध हिंदकळलं. "म्हंजी त्यास्नीबी न्हाई गावला."

"तसं नाही, तसं नाही," मास्तर घाबरून म्हणाले. "तो जिवंत झाला होता. उठला, आणि आपल्या माणसांत परत आला."

या वाक्यानंतर, "विश्वास धरता का?" असं विचारायची त्यांची रीत. प्रश्न जिभेवर आला, पण आज तो विचारायची त्यांना लाज वाटली. गोजरबाई त्यांच्याकडे एकटक पाहत होती. पुस्तकं वाचणाऱ्या मास्तरांना तो चेहरा काही केल्या वाचता येईना.

"आल्यावर कायी खाल्लं का त्यानं?" तिनं विचारलं.

त्याचं चित्र गुंडाळीत नव्हतं. मास्तरांना आठवायला वेळ लागला.

"हो. त्यानंच विचारलं, खायला काही आहे का म्हणून. त्यांनी भाजलेला मासा दिला. सगळ्यांच्या देखत खाल्ला त्यानं."

"खाल्ला," गोजरबाई स्वतःशीच म्हणाली. "म्हंजी जिताच."

ती उठली. तीन दिवसांची राख बाजूला सारून तिनं चुलीत काटक्या घातल्या, जाळ केला, चहाचं पातेलं ठेवलं. मग मातीवर न्यायचं ते दूध तिनं सगळंच्या सगळं त्यात ओतलं.

"बसा मास्तर, च्या घ्या," फुंकणी उचलत ती म्हणाली. "आन् लंके, आळीला सांगून ये. सुतक फिटलं."