जिवाणी

पाणी गाळून झाल्यावर कंचनबाईंनी फडकं उलटं करून लहान बादलीत धुतलं. त्या धुवणाला जिवाणी म्हणतात. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, आणि ज्या विहिरीतून आले त्याच विहिरीत ते परत सोडायचे, हा घरचा नेम. पण आज बादली हातातच राहिली.

“तुह्या त्या थंडीत जीव मरतेत का, तेवढं सांग,” त्या मुलाला म्हणाल्या.

मंगरूळपीरच्या त्या अंगणात उन्हाचा शेवटचा पट्टा भिंतीवर चढत होता. तो गेला की आजचं जेवण संपलं; या जैन घरात दिवस मावळल्यावर कोणी जेवत नसे. हिंसेच्या कामाला मुलगा द्यायचा नाही म्हणून कंचनबाई कालपासून उपाशी होत्या. देवेंद्रकुमारला सकाळच्या एसटीनं निघून पुढे विलायतेला, अतिथंडीतल्या प्रयोगांच्या कामावर जायचं होतं. आई जेवल्याशिवाय तो निघणार नव्हता.

“हेलियम नावाचा वायू आहे, आई, त्यातली एक दुर्मिळ जात. पेन्सिलीत असते तसल्या शिशावर त्याचा पातळ थर बसवाचा. मंग थंडी अशी का तिच्यापुढं बर्फ म्हणजे पेटता इस्तू. त्या वायूचा कण न् कण बारीक चुंबक असते. थंडीत ते एकमेकाच्या जागा घेतात, अन् एकाच दिशेले तोंड कराले लागतात.”

“कोन सांगते त्यायले?”

“कोनीच नाही. आपसातच.”

वडील प्रेमचंद ओसरीवरून पुटपुटले, “घ्या. जीव नव्हता त्या कणायलेही यानंच जितं केलं.”

“वायूतही जीव असतेत,” कंचनबाई म्हणाल्या. “तू त्यायले गारठवतं. मंग काय करतं? सोडून देतं?”

प्रेमचंदांनी मुलाला डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण. ऊन कौलांना लागलं होतं.

“नाही,” देवेंद्रकुमार म्हणाला. “लय महागाचा वायू आहे, सोडता येत नाही. ज्या टाकीतून घेतला तिच्यातच परत भरतात. जराही सांडू देत नाहीत.”

प्रेमचंदांनी मान खाली घातली.

कंचनबाईंनी बादलीला दोर बांधला. “एकदम भरतात, का हळूहळू?”

“हळूहळू. घाई केली का बिघडते.”

त्या विहिरीकडे वळल्या. जिवाणी वरून ओतायची नसते. बादली पाण्याला टेकेपर्यंत त्या दोर थोडाथोडा सोडत राहिल्या. खालून आवाज आला नाही.

“ऊन आहे अजून,” दोर धरूनच त्या मुलाला म्हणाल्या. “दोन ताटं घे.”