चाबकाच्या अंतरावर

मागच्या पावलांची करकर थांबली म्हणून बुरुलने वळून पाहिलं. दहा पावलांवर तिचा सासरा बर्फात बसला होता आणि हातमोजे काढत होता.

"बाबा, उठा. गाव दिसायला लागलंय."

"तू हो पुढं. उकडतंय मला. जरा टेकतो."

उकडतंय. तासाभरापूर्वी ओढ्यावरचा बर्फ खचून तो कमरेपर्यंत पाण्यात गेला होता. तेव्हापासून त्याचे दात वाजत होते. आता वाजत नव्हते. गारठून मरायला टेकलेल्या माणसाला शेवटी असंच उकडतं.

मार्चमधला सूर्य कड्याआड गेला होता. दुपारभर पाणी सुटलेल्या बर्फावर पुन्हा कवच धरत होतं, पण पातळ. एका माणसाला कसंबसं पेलेल इतकंच. तिने त्याला पाठीवर घेऊन पाहिलं. पहिल्याच पावलाला कवच फुटलं आणि दोघं मांड्यांपर्यंत रुतली. तिने त्याला ओढून वर काढलं. तो पुन्हा बसला.

"तुरगुनबाय!"

अकरा वर्षांत हे नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही, त्याच्याकडे पाठ करायची नाही. वाट फोडायला पुढे चालायचं होतं, तर पहाटे तिने त्यासाठीसुद्धा त्याची परवानगी मागितली होती.

"ए तुरगुन! ऊठ!"

म्हाताऱ्याने डोळे उघडले, लहान मुलासारखा हसला आणि पुन्हा मिटले.

घोडा खिंडीपलीकडेच ठेवावा लागला होता, पण चाबूक नेहमीसारखा म्हाताऱ्याच्या बुटात खोचलेला होता. तिने तो उपसला. पहिला फटका जाड कोटावरून घसरला. दुसरा गालावर बसला आणि कातडी फाटली. रक्त यायला वेळ लागला. तो वेळ पाहूनच ती जास्त घाबरली. तिसरा तिने त्याच्या उघड्या बोटांवर मारला.

"नको गं आई," म्हातारा कण्हला आणि कुशीवर वळला.

मग बुरुलने त्याच्या डोक्यावरची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी हिसकली आणि खाली टाकली. पुरुषाची टोपी जमिनीवर ठेवत नाहीत. हाणामारीतसुद्धा तिला कुणी हात लावत नाही. बुरुलने तिच्यावर बूट ठेवला आणि टाच दोनदा फिरवली.

"तुझ्या बापाची होती ना? बघ, कशी पायपुसणी झाली!"

म्हातारा आधी गुडघ्यांवर आला. मग उभा राहिला.

"सटवे! चामडी सोलतो तुझी!"

त्याने टोपी तिच्या पायाखालून ओढून बर्फासकट डोक्यावर चढवली, चाबूक तिच्या हातून हिसकला. ती पळाली.

दहा पावलं पुढे गेली की मागची करकर मंदावायची. मग ती थांबायची. पाठीवर चाबूक सपकन बसला की पुन्हा पुढे. काही वेळाने तिला अंतर नेमकं कळलं: तीन पावलं. त्याहून लांब गेलं की त्याचा राग विझायचा. तीनच ठेवली तर वीसेक पावलांमागे एक फटका पडायचा.

"हाच का तुझा हात? मेंढ्यासुद्धा भ्यायच्या नाहीत याला!"

पुढचा कानामागे बसला. तिचा डोक्याचा रुमाल रक्ताने ओला झाला, आणि ती ओली जागा लगेच ताठ होऊ लागली.

मेंढवाड्याच्या वरच्या उतारावर सादिर भेटला. शेजारीच राहायचा, हरवलेली घोडी शोधत वर आला होता. त्याने बुरुलचं तोंड पाहिलं, धावत येऊन म्हाताऱ्याच्या हातातला चाबूक ओढून घेतला.

"लाज कोळून प्यायलास का रे? घरच्या सुनेला मारतोस?"

"हिनं... माझी टोपी..." म्हातारा म्हणाला. मग काय सांगायचं होतं ते विसरला. त्याचे गुडघे वाकले. "बसू दे रे जरा, सादिर. काय छान उकडतंय."

सादिरने त्याची ओली, लाकडासारखी कडक झालेली विजार चाचपली. चेहरा बदलला.

"थांब, मी घेतो याला खांद्यावर."

"नका. दोघांचं वजन नाही पेलत."

त्याने ऐकलं नाही. दुसऱ्या पावलाला दोघं कमरेपर्यंत आत गेले. त्यांना ओढून काढताना बुरुलची नखं फुटली. बाहेर आलेला म्हातारा जिथे टाकला तिथेच डोळे मिटून पडला. खाली गावातला धूर दिसत होता. अर्ध्या तासाची वाट होती.

"चाबूक द्या इकडं," बुरुल म्हणाली.

तिने चाबूक सादिरच्या हातातून सोडवून घेतला, म्हाताऱ्याच्या मुठीत ठेवला आणि त्याचं एकेक बोट दाबून मूठ मिटली. मग उभी राहिली. घसा खाकरला आणि सादिरच्या देखत सासऱ्याच्या तोंडावर थुंकली.

"तुरगुन! अरे थूः!"

सादिरने मान दुसरीकडे वळवली.

तीन पावलं पुढे जाऊन बुरुलने सासऱ्याकडे पाठ केली, आणि बर्फ वाजायची वाट पाहत राहिली.